थोरल्या साडूंची तिसरी टेस्ट

आमच्या थोरल्या साडूंइतका काळजी करणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि चुकून असलाच, तर त्याचं कसं होत असेल याची काळजी साडूच करत असणार. नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि ते मात्र माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली तरी मला अजून 'पावणं'च म्हणतात. राहायला कागलला, आणि नोकरी त्याच बाजूच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. सहा फूट उंची, मान आणि डोकं यांचा घेर एकच, तरुणपणी कुस्तीत चुरगळलेले कान, आणि एवढ्या सगळ्या ऐवजाच्या आत असं काळीज, की शेजारच्या घरात कुकरची तिसरी शिट्टी लांबली तर हा माणूस उठून खिडकीशी जातो. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा जेवायला बसण्याआधी त्यांनी झाडूच्या दांड्याने पंखा हलवून बघितला होता. पंखा पक्का निघाला. तरीही ते भिंतीच्या कडेलाच जेवले, आणि जेवताना वर बघत राहिले.

पस्तीस-छत्तीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या तोलून त्यांच्या नजरेचाच काटा झाला आहे. समोर आलेल्या माणसाचं वजन ते नुसतं बघून सांगतात, आणि किलोभराच्या वर चुकत नाहीत. पुतणीच्या लग्नात नवरदेवाला आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले आणि त्याच्या डोक्यावर अक्षता टाकून गंभीरपणे 'बहात्तर' म्हणून उतरले. तो बिचारा फोटोत अजूनही विचारात पडलेला दिसतो. गेल्या दिवाळीला मला दारातच 'चौऱ्याऐंशी' म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझ्या बायकोने माझ्या ताटातला भात बंद केला. यात त्यांचा चेष्टेचा हेतू नसतो. वजन वाढलं की गुडघे जातात, गुडघे गेले की माणूस जिन्यावरून पडतो, अशी त्यांची सरळ वाट असते, आणि त्या वाटेने ते मला केव्हाच दवाखान्यात पोचवून आलेले असतात.

अशा माणसाला एकच मुलगी, धनश्री, आणि ती रग्बी खेळते. शाळेतल्या खेळाच्या सरांनी परवानगी मागितली तेव्हा दाजींनी एवढंच विचारलं होतं, की चेंडूचा खेळ आहे ना. आपल्याकडे चेंडूचा खेळ म्हणजे फुटबॉल. कुस्तीसारखं अंगाला अंग लागायला नको म्हणून त्यांनी मोठ्या समाधानाने सही केली. पुढे पहिला सामना बघायला गेले आणि त्यांनी पाहिलं, की चेंडू ज्या पोरीच्या हातात आहे तिला बाकीच्या तीन पोरी धरून जमिनीवर आडव्या करताहेत, आणि ती पोरगी आपलीच आहे. त्या दिवशी ते घरी येऊन न जेवता बसून राहिले. पण तोवर धनूला खेळाची गोडी लागली होती, आणि तिच्या अंगात बापाची हाडं आणि आईचा हट्ट असल्यामुळे तिला थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

यंदा ती भारताच्या संघात आली. बाहेरच्या देशाचा संघ तीन टेस्ट खेळायला आला होता, दोन कोलकात्याला आणि शेवटची पुण्याला. प्रत्येक टेस्टच्या आधी तेवीस जणींची यादी लागायची. पंधरा खेळणार, आठ बाहेर बसणार. दाजींनी काट्यावरच्या टेबलाच्या खणात एक वही केली आणि रोज आपला संघ निवडायला सुरुवात केली. गळीत हंगाम भरात होता, रांगेत ट्रॅक्टर ताटकळत उभे असायचे, आणि प्रत्येक ड्रायव्हरला वजनाच्या पावतीआधी संघाच्या पहिल्या रांगेत, म्हणजे समोरच्या संघाला खांद्याने रेटणाऱ्या तिघींत, कोण असावं यावर मत द्यावं लागायचं. पहिल्यांदा त्या लोकांना टेस्ट ऐंशी मिनिटांत संपते हे ऐकून फसवल्यासारखं वाटलं. पण आठवड्याभरात आजूबाजूच्या गावांचे ड्रायव्हर उजवीकडची पोरगी चेंडू लवकर सोडत नाही वगैरे बोलू लागले. दाजींची अडचण अशी होती, की धनूला संघात घेतलं नाही तर तिचं मन मोडेल ही काळजी, आणि घेतलं तर तिचं हाड मोडेल ही काळजी. वहीत ते सकाळी तिचं नाव घालायचे आणि दुपारी खोडायचे.

पहिल्या टेस्टला ती बाहेर बसली आणि आपण हरलो. दुसऱ्या टेस्टला दाजी आमच्याकडे आले, कारण कागलला त्यांच्या घरी इंटरनेट अडकत अडकत येतं. शेवटची वीस मिनिटं राहिली असताना आपल्या पहिल्या रांगेतल्या मुलीचा खांदा दुखावला आणि धनू आत गेली. दाजी सोफ्यावरून उठले आणि टीव्हीपासून वीतभर अंतरावर उभे राहिले, त्यामुळे आम्हाला सामन्याऐवजी त्यांची पाठच दिसत होती. आपण दोन गुणांनी जिंकलो. माझ्या बायकोने साखर वाटली. दाजींनी ती हातात घेतली आणि तशीच ठेवली.

"पावणं, अकरा येळा पाठ टेकली पोरीची," ते म्हणाले. "उद्या काट्यावर तोंड कसं दावायचं मी?"

मी माझ्या परीने समजावलं. रग्बीत पडतातच, त्याने कोणी हरत नाही. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू मी बुडणाऱ्या माणसाला पाणी काही वाईट नसतं म्हणून सांगत होतो. चहा न घेता ते गेले.

ते गेल्यावर बायकोने मला जे सांगितलं ते बावीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं. दाजी आमच्याच पेठेतल्या तालमीत घडलेले. तेविसाव्या वर्षी जयसिंगपूरकडच्या एका मैदानात त्यांची मोठी कुस्ती लागली. वरचढ होते, लोक फेटे उडवायच्या बेतात होते, आणि एका क्षणात त्यांची पाठ मातीला लागली. हरणं काही जगावेगळं नव्हतं. पण ते आखाड्यातून जे निघाले ते पुन्हा तालमीत गेलेच नाहीत. लोकांना गुडघा दुखावल्याचं सांगितलं आणि काट्यावर नोकरी धरली. आमच्याकडे येताना ते स्कूटर घेऊन सबंध पेठेला वळसा घालून मागच्या बाजूने येतात. त्या रस्त्याला खड्डे असतील म्हणून ते घाबरत असतील, अशी मी इतकी वर्षं त्यांची चेष्टा करत होतो. वळसा तालमीच्या दाराला होता. मला माझीच लाज वाटली.

तिसरी टेस्ट आता मालिकेचा निकाल लावणार होती, आणि पहिल्या रांगेतली ती जागा मोकळी झाली होती. धनू किंवा ओडिशाची एक मुलगी, दोघींपैकी एक जण सुरुवातीपासून खेळणार होती. दाजींनी मोबाइलवर त्या जागेला भिडणारी समोरच्या संघातली पोरगी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितली आणि तिचं वजन शहाण्णव काढलं. धनू एक्क्याऐंशी. कुस्तीत अशी जड जोड समोर आली की वस्ताद आपल्या पोराला त्या दिवशी खेळू देत नाही, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. दाजींनी तेच केलं. धनूला फोन लावला आणि सांगितलं, की कोचबाईंना म्हण, जोड जड आहे, ह्या खेपेला मी बाहेर बसतो.

"आबा, मी हितं बसायला आलो न्हाई," एवढं म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस तिने बापाचा फोन घेतला नाही.

ते दोन दिवस आम्हा सगळ्यांनाच जड गेले. दाजी मला तासातासाला फोन करून विचारायचे, तिने तुम्हाला काही कळवलं का. मग हळू आवाजात, तिने खरंच कोचबाईंना सांगितलं असेल का. आपल्या एका वाक्याने पोरीची जागा गेली तर काय, ही नवी काळजी आधीच्या सगळ्या काळज्यांना पुरून उरली होती. काट्यावर ट्रॅक्टरवाल्यांना पावत्या मुकाट्याने मिळू लागल्या आणि त्यांनाही ते बरं वाटेना. सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी यादी लागली. एक नंबर, म्हणजे पहिल्या रांगेतली तीच जागा, धनश्री. मी त्यांना फोनवर वाचून दाखवली, त्यांनी तीनदा वाचायला लावली, आणि संघात याच नावाची आणखी कुणी आहे का ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून आम्ही दोघं पुण्याला निघालो. दाजींच्या पिशवीत हळद, क्रेप बँडेज, तुपाची बरणी आणि तिच्या लहानपणापासूनचे सगळे एक्स-रे होते. एक्स-रे कशाला, विचारलं तर म्हणाले, डॉक्टर नवा असला तर त्याला आधीचं ठाऊक पाहिजे. हायवेवर प्रत्येक टोलनाक्यानंतर त्यांनी मला टायर बघायला उतरवलं, तरी आम्ही तीन तास आधी पोचलो. दोन्ही संघ सरावाला आले तेव्हा त्यांनी धनूला भिडणाऱ्या समोरच्या तीन नंबरकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, आज सत्त्याण्णव आहे, नाष्टा झालाय.

सामना सुरू झाला आणि दाजींनी माझा गुडघा धरला. धनूच्या हातात चेंडू आला की त्यांची पकड घट्ट व्हायची, ती पडली की ते मान खाली घालून पुटपुटत आकडा मोजायचे. एक. दोन. तीन. सहापर्यंत माझा पाय बधिर झाला. आमच्या पुढच्या ओळीत गळ्यात हात बांधलेली एक मुलगी बसली होती. खांदा दुखावलेली ती हीच, जिच्या जागी धनू खेळत होती. हे मोजणं तिने बराच वेळ ऐकलं असावं. ती वळली आणि म्हणाली, "अंकल, वो गिरी नहीं. उसने बॉल दिया है."

मग तिने मोडक्या हिंदीत सांगितलं, आणि मी ते दाजींना मराठीत सांगितलं. तिघी जणी अंगावर आल्या आणि उभंच राहण्याचा हट्ट धरला, तर चेंडू हिसकावला जातो. म्हणून खाली जायचं, आणि जाताना चेंडू लांब करून आपल्या माणसांच्या बाजूला ठेवायचा. मागची येते, उचलते, पुढे जाते. पडलेली उठते आणि तिच्या मागे धावते. धनू हे संघात सगळ्यात चांगलं करते, म्हणून तिला घेतलंय. पुढच्या वेळी धनू पडली तेव्हा दाजींनी मान खाली घातली नाही. ते चेंडूकडे बघत होते. चेंडू मागे गेला, दुसरीने उचलला, आणि धनू उठून धावू लागलेली त्यांनी पाहिली. माझ्या गुडघ्यावरचा हात निघाला. मध्यंतरानंतर मी मुद्दाम कान देऊन ऐकलं, मोजणं बंद झालं होतं.

आपण तीन गुणांनी हरलो. शेवटच्या मिनिटापर्यंत आशा होती, म्हणून जास्त लागलं. खेळून झाल्यावर धनू मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी आली. मानेपासून कमरेपर्यंत मातीने माखलेली, ओठ फुटलेला, काखेत चेंडू. बापलेक समोरासमोर उभे राहिले. मी उगाच पिशवीतलं बँडेज शोधू लागलो.

"बस म्हणालो, ते चुकलं माझं," दाजी म्हणाले.

धनूने मनगटाने नाक पुसलं आणि मान हलवली. मग ते म्हणाले, "पडायचं कसं, ते दाव की मला."

तिने आधी माझ्याकडे बघितलं, ते चेष्टा करताहेत की काय म्हणून. दाजींनी चेष्टा केल्याचं आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं. घड्याळ, चष्मा आणि मोबाइल माझ्या हातात देऊन ते दोरीखालून वाकून आत गेले. धनूने चेंडू त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, की खांदा वळवायचा, अंग सोडायचं, आणि चेंडू छातीशी न धरता दोन्ही हातांनी तिच्या बाजूला लांब ठेवायचा. एकोणसाठ वर्षांचा, एकशे तीन किलोचा तो माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, मैदानावर सावकाश आडवा झाला. पाठ पूर्ण टेकली. चेंडू त्यांनी नीट जपून तिच्या पायापाशी ठेवला.

"असं?"

"व्हय. असंच."

"आन मग?"

"मग उठायचं, आबा. लगेच."

"उठतो की," ते वर बघत म्हणाले. "जरा पडू दे."

धनू त्यांच्याशेजारी गवतात बसली. मी चष्मा आणि घड्याळ धरून दोरीअलीकडे उभा होतो, आणि मला त्या तेवीस वर्षांच्या पोराचं फार वाईट वाटलं, ज्याला त्या दिवशी जयसिंगपूरच्या मैदानात हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.