चार तंगड्यांचा कोंबडा, मुक्काम बेळगाव

आमच्या घरात एका कोंबड्यावरून साठ वर्षं भांडण चालू आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगतात की त्यांच्या लहानपणी घरी चार पायांचा कोंबडा होता आणि शाळेच्या मास्तरांनी तो बेळगावच्या मेडिकल कॉलेजला दिला. त्यांची थोरली बहीण, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, ती म्हणते, कोंबडा जत्रेत शिजला आणि चारही तंगड्या मी स्वतः वाढल्या. मध्यंतरी कुणीतरी सांगितलं की त्या कॉलेजच्या शरीररचनेच्या संग्रहात तसला पक्षी अजून आहे. मी दोघांना गाडीत घातलं. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे!

निपाणी ते बेळगाव एरवी दीड तास. सध्या सहापदरीच्या कामामुळे रस्ता सारखा वळवतात, तेव्हा लवकर निघा आणि संकेश्वरला चहा घ्या. मागच्या सीटवर खटला इतका रंगला होता की मी चहाला दोनदा थांबले. संग्रह बघायची परवानगी मात्र आधी काढा. फी नाही.

आत औषधाचा वास नाकात बसतो. सापळे ओलांडून शेवटच्या कपाटात एक बरणी, तीत पांढुरका पडलेला कोंबडा. पाय चार. चिठ्ठीवर आमच्या गावाचं नाव. आप्पांनी आनंदानं मला चिमटाच काढला.

आक्कानं चष्मा पुसून पाय पुन्हा मोजले. "मग मी वाढले त्या तंगड्या कुणाच्या रं?"

जिंकलेला माणूस बेसावध असतो. "दोन कोंबडं कापलो, आक्का. आपला मास्तरला गुपचूप दिलतो, मग ताटात चार तंगड्या दिसायला नकोत व्हय? न्हायतर बा सोलला असता मला."

"दोन कुठलं?"

"एक घरचा. एक तुझ्या सासरचा."

आक्का तिथल्या स्टुलावर बसली. तिचं सासर गावातच, पलीकडच्या गल्लीत. खुराड्याचं दार उघडं टाकून जत्रेला गेलीस, कोंबडा घालवलास, असं सासू तिला मरेपर्यंत ऐकवत होती. हे तिनं तेव्हा पहिल्यांदाच सांगितलं. आप्पांचा चेहरा बघवेना. तोवर मी हसत होते, त्याची मला लाज वाटली.

खडेबाजारात आप्पांनी न मागता खव्याचा कुंदा घेतला. (तुम्हीही घ्या. पाव किलो पुरत नाही.) आक्कानं पुडा मांडीवर घेतला, पण निपाणीपर्यंत तो उघडला नाही.

ही सहल आठवली की मला अजून हसू फुटतं आणि मध्येच थांबतं. त्या संध्याकाळी आक्काला घरी सोडलं, तर ती चपला काढून सरळ सासूच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, दार लावूनच गेलते मी."