रिस्पॉन्सिबिलिटीचा जोर

माझी काकू परंदवडीजवळच्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे बोल्ट आवळते. सेफ्टी डेला सगळ्यांसमोर इंग्रजीतून शपथ सांगायला कोणीतरी हवं होतं. सुपरवायझरने विचारलं आणि काकूने हात वर केला. घाबरली ती घरी आल्यावर.

"हसतील गं मला. आमच्या लाईनीतल्या बाया वर्षभर सोडायच्या न्हाईत. तू इंग्लिश मीडियमची, तू शिकव."

चारचौघांत मी तोंड उघडत नाही. पण स्वयंपाकघरात, एकट्या काकूसमोर जमतं. शपथेतला सगळ्यात अवघड शब्द रिस्पॉन्सिबिलिटी. मी त्याचे तुकडे पाडून दिले : रिस-पॉन-सि-बि-लि-टी. काकूने ते पाढ्यासारखे म्हटले, सगळे सारख्याच वजनाचे. एकही तुकडा चुकला नव्हता, तरी शब्द काही तयार होत नव्हता.

"एकावर जोर दे. 'बि'वर."

"काल तर 'पॉन'वर म्हणालीस!"

"तो रिस्पॉन्सिबल होता. त्याला 'इटी'चं शेपूट लागलं की जोर सरकतो, शेपटाच्या अगदी अलीकडे येतो."

"म्हंजे पाव्हणा आला की घरच्यानं उठून जागा बदलायची. लय नखरे या इंग्रजीचे."

मग तिने 'बि' इतक्या जोरात म्हटला की बाहेरून काकांनी विचारलं, "मांजर शिरलं का गं आत?"

काकू हसली नाही. हातातल्या लाटण्याकडे बघत राहिली. "थांब. बोल्ट आवळताना पाना हलकाच फिरवायचा. पुरेसं आवळलं की तोच टक करतो. मग हात ढिला सोडायचा. तसंच ना?"

तिने लाटणं हवेत फिरवलं. 'रिस-पॉन-सि' हलकेच गेलं, 'बि'ला मनगटाचा झटका बसला आणि 'लिटी' आपोआप सुटलं. शब्द तयार! शपथेतल्याच आयडेंटिफिकेशनमध्ये टक 'के'वर, 'शन'च्या अलीकडे, हे तर तिनेच शोधलं.

सेफ्टी डेला घरच्यांनाही बोलावतात. मी शेवटच्या रांगेत बसले होते. काकूने माईकवर सुरुवात बरी केली. पण तो शब्द आला आणि तिचा उजवा हात कागद सोडून हवेत फिरू लागला. तिच्या लाईनीतल्या बायकांनी तो पाना फिरवणारा हात लगेच ओळखला.

"आवळ गं बाई, आवळ!" एकजण ओरडली. सगळी शेड हसली. मी मान खाली घातली.

माईकमधून काकूचंही हसू ऐकू आलं. "व्हय, आवळतेच! आता तुमी म्हणा माझ्या मागनं."

शपथ म्हटल्यावर मागून म्हणणं आलंच. बायकांनी म्हटलं, सुपरवायझरने म्हटलं, पहिल्या रांगेतल्या टायवाल्या साहेबांनीही म्हटलं. पत्र्याखाली सगळ्यांचा 'बि' एकदम पडला. माझ्या तोंडूनही तो चांगला मोठ्याने निघाला. शेजारची बाई वळून बघायला लागली. पण तोवर काकू पुढच्या शब्दावर गेली होती, आणि तिच्या मागून मलाही जायचं होतं.