बेळगावच्या आजी

१४ ऑक्टोबर. पाऊस सरला, ऊन तापायला लागलं, आणि आज सकाळपासून मी गाडीच्या कापडी हूडवरची बुरशी पुसते आहे. पाण्यात थोडं व्हिनेगर, मऊ फडकं, आणि नंतर कडक ऊन. कोकणात पावसाळाभर कापड मिटून ठेवलं की दुसरं काही होत नाही. हूड उघडलं, पितळी क्लिपांवर हिरवट डाग दिसले, आणि ही गाडी उभी करणाऱ्या मेस्त्रींचा हात आठवला.

मेस्त्री पार्ट आणायचे तो वर्तमानपत्रात गुंडाळून. पुडी सोडायची, पार्ट आधी स्वतःच्या नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे, मग तोच माझ्या नाकाशी धरायचा. आंबा पिकला की नाही हे आपण देठाशी वास घेऊन बघतो ना, तसा.

"वास घ्या बाय. वरजिनल!"

मला रॉकेलचा वास यायचा. पण माझा सगळा जन्म आंब्यांचे देठ हुंगण्यात गेलेला. कोणी विश्वासाने काही नाकाशी धरलं की मी मान हलवते. मी मान हलवायची.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. काम उत्तम, बोलणं त्याहून उत्तम, आणि दोन्हींतलं नेमकं कुठलं आपण पदरात घेतलं हे फार उशिरा कळतं.

ते पहिल्यांदा आले ते आमच्या बागेतला फवारणीचा पंप दुरुस्त करायला. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत त्यांची पत्र्याची शेड होती. त्याच दिवशी मी आंबा भरायची शेड मोकळी करायला काढली होती. कोपऱ्यात सासऱ्यांची गाडी होती: विलायती, दोन दारांची, कापडी टप मागे पाडता येणारी. बनवणारी कंपनीसुद्धा केव्हाच बुडाली. सासरे गेल्यापासून तिच्यावर काजूची पोती रचलेली होती. भंगारवाला बाहेर उभा होता.

मेस्त्रींनी पंप हातातून खाली ठेवला. पोती बाजूला केली, बॉनेटला नाक लावलं आणि भंगारवाल्याला म्हणाले, "तू जा रे. ही जिवंत हाय."

"तुम्ही कोण सांगणारे?" मी विचारलं.

"मी कोण नाय बाय. गाडीच सांगतेय."

मी हौशी बाई नाही. पण अर्धवट सडलेली वस्तू दारात असली की एकतर ती नीट करायची किंवा टाकायची, मधलं काही मला जमत नाही. मी म्हटलं, नीट करा. एकच अट. जो पार्ट बसेल तो मूळचाच हवा. इकडचं तिकडचं बसवलेलं मला चालणार नाही.

या अटीमागे कारण होतं. बाहेरचा आंबा आणून रत्नागिरीच्या पेटीत भरणाऱ्या एका व्यापाऱ्याला मी भर सभेत उभं केलं होतं. त्याच्याच पेट्या फोडून, आंबे कापून, सगळ्यांना चाखायला लावले होते. तेव्हापासून गावात माझा एक शब्द होता. माझ्या पेटीवर जे लिहिलंय तेच आत असतं, हा तो शब्द. माझ्याकडे दुसरं मिरवण्यासारखं काही नाही.

मेस्त्री पार्ट शोधायला लागले, आणि थोड्याच दिवसांत बेळगावच्या आजी सापडल्या.

आजी म्हणजे कॅम्पात राहणारी एका लष्करी साहेबाची विधवा. तिच्या अंगणात फणसाखाली अशीच गाडी मोडून पडलेली. आजी विकणाऱ्यांतली नव्हती. मेस्त्री गेले, अंगणात बसले, तिच्या शिलाई मशीनला तेल घातलं, तेव्हा तिने दाराची एक मूठ काढू दिली. एका वेळी एकच पार्ट. मनात आलं तर पुढचा.

"सगळं एकदम का देत नाहीत?" मी विचारलं.

"बाय, नवऱ्याची गाडी हाय. एकदम दिली तर अंगण रिकामं होईल ना."

हे मला पटलं. मी हापूसची एक पेटी भरली आणि मेस्त्रींच्या हाती दिली, आजींसाठी. पुढच्या खेपेला हेडलाइटची कडी आली, आणि सोबत निरोप. "आजी म्हणाल्या, वरचा थर गोड. खालचा आंबा अजून हसला नव्हता."

हसला नव्हता, म्हणजे पुरता पिकला नव्हता! माझ्या आंब्याला नाव ठेवायची कोणाची छाती नव्हती. मी चिडले. मग हसले. दुसरी पेटी मी स्वतः एकेक आंबा निवडून भरली. त्यावर आजींकडून कुळथाच्या पिठाची पिशवी आली.

"बेळगावात कुळीथ असा?" मी पीठ बोटांवर घेऊन म्हटलं. "हे तर आपल्याकडचं चुलीवर भाजलेलं आहे."

"आजी मूळच्या इकडच्याच," मेस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले.

असं चाललं. इकडून फणसपोळी, आमसुलं, मिरचीचं लोणचं. तिकडून वायपरची दांडी, पेट्रोलचा काटा, हूडच्या क्लिपा, आणि निरोप. लोणच्याला मीठ पुढं झालंय. फणसपोळी दाताला बसली, पण सोडवली नाही. माझ्याशी असं बोलणारं माणूस सासूबाईंनंतर उरलं नव्हतं. नवरा म्हणायचा, "तुझी ती आजी एक दिवस इथं राहायला येईल." मी म्हणायची, येऊ दे.

गाडी चालू झाली त्या दिवशी मेस्त्रींनी हूड मागे पाडलं, मला बसवलं आणि भाट्याच्या पुलापर्यंत नेऊन आणलं. वारा तोंडावर घेत मी म्हटलं, "आता पहिली फेरी बेळगावला. आजींना गाडीत बसवायचं."

मेस्त्री गिअर बदलत राहिले. पुढच्या आठवड्यात टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले.

"आजी गेल्या, बाय."

मी आत गेले आणि ताट झाकून ठेवलं. त्या दिवशी जेवले नाही. न पाहिलेल्या माणसासाठी असं मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं. शेवटचंही.

नंतर कोल्हापूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. मी आंबा घाट चढून गाडी स्वतः चालवत नेली. गाडीविषयी दोन शब्द बोला, म्हणून माइक हातात दिला तेव्हा मी आजींची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हटलं, "यातला एकही पार्ट नवा नाही. हे मी माझ्या बागेच्या नावावर सांगते."

परीक्षक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी दाराच्या मुठीचा स्क्रू काढला, खिशातला स्वतःचा जुना स्क्रू त्या जागी फिरवून पाहिला. तो बसेना. त्यांनी हूडची क्लिप पाहिली. कडी पाहिली. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, या गाड्यांच्या स्क्रूंचे आटे इंची मापाचे असतात. हे मिलिमीटरचे आहेत. काम सुंदर आहे हो. पण आत्ताचं आहे."

त्यांनी हळू सांगितलं. पण मी माइकवर सांगितलं होतं. मी रत्नागिरीला पोचायच्या आत बातमी पोचली. बाजारात तोच व्यापारी उभा होता, ज्याच्या पेट्या मी फोडल्या होत्या. तो अगदी अदबीने म्हणाला, "काय वहिनी, पेटी रत्नागिरी, माल बाहेरचा?"

मी गाडी तशीच मिरजोळ्याला घातली.

मेस्त्री समोर चहाला गेले होते. शेडमध्ये कोणी नव्हतं. वरच्या फळीवर भाताचा पेंढा अंथरलेला दिसला. वर्कशॉपात पेंढा कशाला? स्टुलावर चढून वरचा थर उचलला. आत पितळेच्या क्लिपा, बटणं, एक मूठ, ओळीने, एकमेकांना न चिकटतील अशा मांडलेल्या. आपण आंब्याची आढी लावतो तशी अगदी. शेजारी मिठाच्या पाण्याची बादली आणि रॉकेलचा डबा. नवा पार्ट खाऱ्या पाण्यात बुडवायचा, रॉकेलने पुसायचा, आणि पेंढ्यात जुना व्हायला ठेवायचा. मेस्त्री पार्ट पिकवत होते.

ते दारात आले. मी स्टुलावर, हातात मूठ. मी ती त्यांच्या नाकाशी धरली.

"वास घ्या, मेस्त्री."

ते खाली बसले. म्हणाले, "पार्ट मिळत नाय म्हटलं असतं, तर तुम्ही गाडी भंगारात घातली असतीत. बनवतो म्हटलं असतं, तर मला हाकललं असतंत. मग काय करू?"

"खरं सांगायचं."

"बाय, तुमचा हापूस तरी कुठं वरजिनल? कलम वरचं, खाली मूळ रायवळ आंब्याचंच ना? मग त्याला कोण खोटा म्हणतो?"

एवढ्या रागातही मला ते सुचणं आवडलं, हे कबूल करते. पण उत्तर माझ्याजवळ होतं. "कलम आहे हे मी गिऱ्हाइकाला सांगते, मेस्त्री. लपवत नाही."

त्यांनी खाली पडलेली पेंढ्याची काडी उचलली.

"गाडीतलं मूळचं काय आहे?" मी विचारलं.

"ते विचारू नका. मग तुम्हाला गाडी दिसायची नाय, तुकडे दिसतील."

"आणि आजी?"

ते हाताच्या तळव्यावरचं ऑइल दुसऱ्या अंगठ्याने पुसत राहिले.

"त्या गेल्या म्हणालात तेव्हा मी जेवले नव्हते."

"ते चुकलं," ते म्हणाले. बाकी कशालाच ते चूक म्हणाले नाहीत.

मी मूठ तिथेच टाकली आणि निघाले. पुन्हा त्या शेडची पायरी चढले नाही. पंप दुसरीकडे न्यायला लागले. मेस्त्रींची आंब्याची पेटीही थांबली. लोक म्हणायचे, जाऊ द्या, गाडी चालतेय ना. गाडी चालत होती. पण क्लिपेपाशी हात नेला की मला फणसाखालचं अंगण दिसायचं, आणि ते कुठेच नव्हतं. पार्ट खोटे निघाल्याचं मी सोसलं असतं. मी ज्या बाईसाठी आंबे निवडले ती बाई खोटी होती.

हे सगळं आज बुरशी पुसताना चाललं होतं, तेवढ्यात आमचा टेंपोवाला रिकाम्या पेट्या टाकायला आला. गाडीकडे बघून म्हणाला, "मेस्त्री गेले, कळलं काय? संगमेश्वरला गावी होते. गणपतीच्या आधीच गेले."

माझ्या तोंडून निघालं, "तू पाहिलंस?"

"वहिनी, गेलेला माणूस बघून यायला लागतो काय?"

लागतो. ज्याने मला एक मरण खोटं सांगितलं, त्याचं स्वतःचं मरण मी ऐकीव कसं घेऊ? रात्री नवऱ्याला म्हटलं, उद्या संगमेश्वरला जाऊन येते. तो म्हणाला, "आता याचीही पेटी फोडून बघणार?"

मी हो म्हटलं.

१५ ऑक्टोबर. सकाळी, हूड नुकतंच वाळलं होतं ते मागे पाडून, गाडी काढली. घर विचारत गेले. पडवीत मेस्त्रींचा फोटो होता, त्याला हार होता. म्हणजे हे खरं होतं.

फोटोखाली त्यांची बायको पाय पसरून बसली होती. गुडघे धरलेले, उठता येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या पाठीमागे गाडीकडे पाहिलं. आणि तिचा चेहरा उजळला.

"उघड्या टपाची गाडी! बेळगावच्या आजींकडनं आलात काय?"

मी उभीच राहिले.

"आमचे हे सांगायचे ना. आजींची गाडी करतोय, खुशीत आल्या की आंबे पाठवतात. मी म्हणायची, आंबा रत्नागिरीचा नि पाठवणारी बेळगावची, असं कसं ओ? तर म्हणायचे, मोठ्या लोकांचं असंच. तुम्ही सून काय त्यांची?"

त्या गाडीच्या मालकाची मी सूनच. पण मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. म्हणणार होते, आजी कोणी नाही, कधीच नव्हती, ते आंबे माझे. तेवढ्यात तिने शेजारच्या सुपातली पपई माझ्याकडे सरकवली.

"ही न्या. पण लगेच कापू नका. अजून हसली नाय."

मी पायरीवर बसले. मीठ पुढं झालेलं लोणचं, दाताला बसलेली फणसपोळी, चुलीवर भाजलेला कुळीथ. सगळं या पडवीतून आलं होतं. इतके दिवस हिचं बोलणं मला पोचत होतं आणि माझे आंबे हिला, आणि मधली बाई तेवढी मेस्त्रींनी घडवलेली होती.

"आजी बऱ्या हायत ना?" तिने विचारलं. "हे गेल्यापासून खबरच नाय."

मी आजवर खोटी पेटी भरलेली नाही. फोटोकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, नाकाशी पार्ट धरल्यावर यायचा तोच भाव होता, किंवा मला तसा वाटला.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "तुमची आठवण काढत असतात."

"एवढं पोचवाल त्यांना?" तिने कोनाड्याकडे बोट दाखवलं. तिथे कुळथाच्या पिठाची पिशवी बांधून ठेवलेली होती. कधीपासून, कोण जाणे.

"पोचवते. आणि आंब्याच्या दिवसांत पेटी येईल."

ऊन फार झालं होतं म्हणून निघताना हूड वर घेतलं. चारही क्लिपा एका दमात बसल्या. त्या कधी अडल्याच नाहीत. राग गेला असं मी म्हणणार नाही. उलट थोडा वाढला. माझा शब्द त्यांनी एकदा कोल्हापुरात घालवला, आणि आता गेल्यावर, फोटोतून, माझ्याच तोंडून दुसऱ्यांदा.

हातखंब्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, पिशवीची गाठ सोडली आणि नाक आत घातलं. घरचा कुळीथ, चुलीवर भाजलेला. रॉकेलचा वास कुठेही नव्हता.