सरांनी भरलेलं पेट्रोल

नांदेडहून लातूरकडं निघालं की अहमदपूरच्या अलीकडं डाव्या अंगाला एक ढाबा लागतो. रविवारी सकाळी तिथं आम्हा मोटारसायकलवाल्यांचा अड्डा जमायचा. नांदेडचे चार-पाच जण, लातूरचे तेवढेच, आणि उदगीरहून बुलेटवर येणारा एक आडत्या. दोन्ही शहरांना सारखंच अंतर पडतं, म्हणून ती जागा. फोडणीच्या मुरमुऱ्यांचा गरम सुशीला, मिरचीची भजी, दोन-तीन चहा. बायको विचारायची, एवढ्या लांब जाऊन तुम्ही करता तरी काय? मी काहीतरी उत्तर द्यायचो. खरं म्हणजे आम्ही गाड्यांभोवती उभं राहून भांडायचो. कुणाची गाडी किती पळते, कुणाची किती पिते, कुणाची चढाला दम सोडते. पण ते भांडण चहाबरोबर संपायचं. सर आला आणि ते संपेनासं झालं.

तोंडावर मी त्याला 'सर' आणि 'तुम्ही' म्हणायचो. लिहिताना 'तो' म्हणणार आहे. लातूरला त्याचे फिजिक्सचे क्लासेस. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली पोरं त्याच्यापुढं माना खाली घालून बसायची, त्यामुळं सगळं जगच आपल्यापुढं बाकावर बसलंय असं त्याला वाटत असावं. गाडी मोठी, उंच, परदेशी बनावटीची, तिन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे डबे. जॅकेट, गुडघ्याला पॅड, हेल्मेटमध्ये फोन. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याजवळ आला तेव्हा नाव विचारलं. मी नाव सांगितलं.

"नाही, पूर्ण नाव?"

मी आडनाव सांगितलं.

"अच्छा," म्हणाला आणि हात सोडून माझ्या गाडीकडं बघायला लागला. त्या 'अच्छा'ला मी लहानपणापासून ओळखतो. माझे वडील शाळेत गेले तेव्हाही तो होता, मी सरकारी खात्यात इंजिनिअर म्हणून रुजू झालो तेव्हाही होता. त्यावर भांडता येत नाही, कारण बोलणारा म्हणतो, मी कुठं काय बोललो?

मग आम्ही गाड्यांवरून भांडलो.

माझी गाडी जुनी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सरची. किक आणि गिअर एकाच दांडीवर. देगलूरजवळच्या एका खेड्यात निवृत्त हेडमास्तरांच्या गोठ्यात ती कडब्याखाली पडलेली मला दिसली होती. सीटवर कोंबड्या बसायच्या. नळीत उंदराचं घर. तिच्या कंपनीनं ती बनवायची कधीच बंद केली होती. हैदराबादच्या जुन्या बाजारातून एकेक पार्ट आणून, सुट्टीच्या दिवशी घराच्या गच्चीखाली बसून मी ती उभी केली. रंग मी दिला, वायरिंग मी केलं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली त्या दिवशी गल्लीतली म्हातारी माणसं बाहेर आली होती, आपल्या तरुणपणाचा आवाज ऐकून.

तिचं एकच पथ्य. असल्या गाडीच्या इंजिनला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोल भरताना त्यातच ऑइल मिसळावं लागतं. नुसत्या पेट्रोलवर ती चालते, अगदी मजेत चालते, पण थोडाच वेळ. मग पिस्टन कोरडा पडतो, तापतो, आणि जिथल्या तिथं चिकटून बसतो. त्यासाठी ऑइलची एक बाटली मी बाजूच्या डब्यात कायम ठेवतो.

सर तिला फवारणीचं मशीन म्हणायचा. "नगरपालिकेला देऊन टाका. डास तरी मरतील." दर रविवारी नवीन. एकदा त्यानं सगळ्यांना टू-स्ट्रोक इंजिन कसं मागास असतं ते बोटानं धुळीत आकृती काढून समजावलं. आकृती बरोबर होती. "हे इंजिन म्हणजे आपलंच तेल जाळून पोट भरणारं," तो म्हणाला आणि माझ्याकडं बघून हसला.

मीही काही गप्प बसणारा नव्हतो. "सर, एवढे डबे कशाला? भाजीपाला विकता का?" असं मी सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"माझी गाडी लडाखला जाऊन आलीये."

"ट्रकमधून का?"

मी आपला अंदाजानं बोललो होतो. पण त्याचा चेहरा असा पडला, की ते खरंच असावं हे सगळ्यांना एकदमच कळलं. ढाब्यावर जो हशा उठला त्यात लातूरचे लोकही होते. त्यानंतर तो माझ्याशी थेट बोलेनासा झाला. मी समोर बसलेलो असताना दुसऱ्याकडं बघून म्हणायचा, "काही लोकांना नवी गाडी झेपत नाही, मग ते जुन्याचं कौतुक सांगतात." मी दुसऱ्याकडं बघून म्हणायचो, "काही लोक गाडी विकत घेतात, चालवायची राहूनच जाते." एवढं करूनही दोघंही दर रविवारी यायचो. न येणं म्हणजे हरणं होतं.

पावसाळा सरल्यावर आडत्यानं सगळ्यांना उदगीरला घरी जेवायला बोलावलं. सोयाबीनचा हंगाम तोंडावर आलेला, त्याआधी एकदा या म्हणाला. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, सगळं भरपूर. जेवताना सुद्धा आमचं चाललंच होतं. आडत्याची बायको वाढता वाढता हसून म्हणाली, "भावजी, जेवा तरी गप." शेवटी आडत्याच वैतागला.

"तुम्ही दोघंबी नुसतं तोंडानं गाडी चालवून राहिले," तो म्हणाला. "जळकोटपर्यंत एकमेकाच्या गाड्या घ्या. तिथं चहा पिऊ. मग बोला काय बोलायचं ते."

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. नांदेडकरांना तसंही जळकोटवरूनच परतायचं होतं. मला गाडी द्यायची नव्हती, पण नाही म्हटलं असतं तर भिऊन नाही म्हणालो असं झालं असतं. त्यालाही बहुतेक तसंच वाटलं असावं. किल्ल्या बदलल्या.

"सर, रिझर्व्हला आलीये," मी म्हणालो. "वाटेत पेट्रोल घ्यावं लागेल. घेताना त्यात—"

"मला शिकवू नका," तो हेल्मेट चढवत म्हणाला. "मी इंजिन शिकवतो. पोट भरतं माझं त्यावर."

मी हात वर केले. पंपावर आपण मागं उभं राहू, असं मनात होतं. पण त्याची ती अवाढव्य गाडी आडत्याच्या बोळातून वळवून काढण्यातच माझा घाम निघाला. पाय जमिनीला धड पुरत नव्हते. मी हमरस्त्याला लागलो तोवर माझ्या गाडीचा आवाज लांब गेला होता. उदगीरच्या बाहेरचा पंप मी ओलांडला तेव्हा तो तिथं नव्हता. मला वाटलं, पुढं भरणार असेल.

त्याची गाडी चांगली होती, हे सांगायलाच हवं. खड्डे कळत नव्हते. मूठ थोडी पिळली की रस्ता मागं पडायचा. मला तिचा रागच आला. त्या माणसाकडं इतकी चांगली वस्तू असावी, हे मला बघवलं नाही.

जळकोट जवळ आलं तसा चढ सुरू झाला आणि तो मला पुढं दिसला. माझ्या गाडीला मी कधी पळवलं नव्हतं इतकं तो पळवत होता. नेहमीचा निळसर धूर मागं दिसत नव्हता. ऑइल टाकलं नसावं, हे मी ओळखलं. मी हॉर्न दाबून धरला. त्यानं आरशात बघितलं आणि मी पुढं जायला बघतोय असं समजून अजून मूठ पिळली. मग एकदम आवाज तुटला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं, गाडी रस्त्यावर काळी रेघ ओढत आडवी झाली आणि तो कडेच्या मुरमात लोळत गेला.

मी आधी गाडीकडं धावलो. माणूस उठून बसत होता, ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं होतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगतो. गाडी उभी करून किकवर पाय दिला. दांडी हलेना. इंजिन बसलं होतं. इंजिनच्या पाकळ्यांतून तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. टाकी उघडली. ती तोंडापर्यंत भरलेली. बोट बुडवून चोळलं. नुसतं पेट्रोल, तेलाचा ओशटपणा कुठंच नाही.

तोपर्यंत बाकीचे येऊन पोचले होते. कुणी त्याला पाणी दिलं, कुणी जॅकेट काढलं. बाही फाटून कोपर सोलून निघालं होतं, बाकी ठीक होता. आणि त्याचा पहिला शब्द असा, "यांच्या भंगारानं माझा जीव घेतला असता!"

"सर," मी म्हणालो, "पेट्रोल भरलं. ऑइल टाकलं का?"

त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी कधी विसरणार नाही. त्याला प्रश्नच कळला नव्हता. धुळीत आकृती काढणाऱ्या माणसाला टाकीत ऑइल ओतावं लागतं हे माहीत नव्हतं. सिलिंडर, पिस्टन, झडपा सगळं तोंडपाठ; पंपावर उभं राहून काय करायचं असतं ते कधी कुणी विचारलंच नव्हतं. मग हळूहळू त्याला समजलं, आणि समजलेलं चेहऱ्यावर आलं.

आडत्यानं ते बघितलं. तो भला माणूस. म्हणाला, "जाऊ द्या हो. सरांना ठाव नसंल. फोरस्ट्रोकवाल्याच्या ध्यानात येत न्हाई ते. चूक होती माणसाची."

वाट मोकळी होती. 'हो, माहीत नव्हतं,' एवढं म्हणायचं होतं. मी शिव्या दिल्या असत्या, बाकीचे हसले असते, आणि दोन रविवारांत सगळं थंड झालं असतं. पण क्लासचे दोन-तीन पालकही त्या लातूरच्या घोळक्यात होते. सर लाल झाला.

"माहीत नसायला मी काय येडा आहे?" तो म्हणाला. "चांगलं माहीत होतं. मुद्दाम नाही टाकलं."

पाणी देणाऱ्यानं बाटलीचं झाकण लावलं.

"सर, विचार करून बोला," आडत्या म्हणाला.

"विचार करूनच बोलतोय. असल्या गाड्या रस्त्यावर नकोतच. बसवली. मीच बसवली."

मला तो खोटं बोलतोय हे स्वच्छ दिसत होतं. ज्याला माहीत असेल तो माणूस त्या गाडीवर बसून चढाला मूठ पिळेल का? स्वतःचं डोकं फोडून घ्यायला? हे एक वाक्य मी तिथं बोललो असतो तरी त्याची सुटका झाली असती. अडाणी ठरला असता, पण दुष्ट ठरला नसता. त्याला काय हवं होतं ते त्यानं निवडलं होतं.

"ऐकलं ना सगळ्यांनी?" मी म्हणालो. "मुद्दाम केलंय म्हणतात."

आणि त्याच्या गाडीची किल्ली त्याच्यासमोर मुरमात टाकली.

नांदेडला भाजीच्या रिकाम्या कॅरेटा घेऊन जाणारा एक टेम्पो मिळाला. चार जणांनी गाडी वर चढवली, दोरानं बांधली. मी मागं तिच्याजवळच बसलो. कंधारच्या आसपास आडत्याचा फोन आला.

"त्याला ठाव नव्हतं हो. तुम्हालाबी कळलंय ते."

"कळलंय."

"मग ग्रुपवर एक शब्द टाका की. लातूरची माणसं लई बोलून राहिलीत त्याला. काढतील ग्रुपातून."

"त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. मी कोण दुरुस्त करणारा?"

"हट्ट करताव तुम्ही."

"हाव, करतोय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. लोक सांगतात, राग धरून काय मिळतं? मला तरी त्या दिवशी टेम्पोत बसून बरं वाटत होतं. इतकी वर्षं माझ्याविषयी न बोलता जे बोललं जायचं, ते एकदाचं कुणीतरी मोठ्यानं आणि साक्षीदारांसमोर बोललं होतं. ते खोटं होतं, हा भाग वेगळा. गाडीची गोष्ट खोटी होती. माझ्याविषयीचा राग खोटा नव्हता.

सिलिंडर घासून घेतला, मोठ्या मापाचा पिस्टन हैदराबादहून मागवला. तो मिळायला उन्हाळा आला. गाडी पुन्हा चालू झाली, आवाज थोडा जाड झालाय एवढंच. ग्रुपमधून सरला काढलं. त्याच्याबरोबर त्याचे दोघं गेले, मग कंटाळून उरलेले लातूरकर आणि नांदेडकरही एकेक गळाले. ढाब्यावर आता मी आणि आडत्या, कधी तिसरा कुणी. आडत्या अजून मला म्हणतो, तुम्ही तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी सुशीला खात राहतो.

परवा देवणीला एका लग्नाला गेलो होतो, गाडीवरच. मांडवाबाहेर सर भेटला. बरोबर त्याचा नवा ग्रुप, सगळे एकसारख्या जॅकेटातले. बाही वर सरकवलेली, कोपरावर पांढरा व्रण दिसत होता. माझी गाडी बघून तो थांबला.

"चालतेय अजून?"

"चालतेय."

तो आपल्या माणसांकडं वळला. "हीच ती. मी बसवली होती ती." ते हसले. त्यांना गोष्ट पाठ होती; किती वेळा सांगितली असेल कुणास ठाऊक. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जराही अडखळ नव्हती. मला वाटतं, आता त्याला स्वतःलाही ते खरंच वाटतं.

"द्या एकदा," तो म्हणाला. "पुन्हा बसवून दाखवतो."

"गाडी देणार न्हाई," मी म्हणालो. "पण बसवायची असेल तर कशी बसवतात ते सांगा की यांना. ऑइल किती टाकायचं असतं, जे तुम्ही टाकलं नाही?"

एका जॅकेटवाल्यानं त्याच्याकडं बघितलं, उत्तर येईल म्हणून. आलं नाही. इतक्या दिवसांत त्यानं तेवढंही विचारून घेतलं नव्हतं.

"चला, मुहूर्त झाला," तो त्यांना म्हणाला आणि अक्षता घ्यायला आत गेला. मीही गेलो. पंगतीत आम्हाला समोरासमोर बसवलं. दोघांनी मुकाट्यानं जेवण केलं.