दगडी कुंडाजवळचा म्हातारा

अमेरिकेतल्या डब्लिनबाहेर, मक्याच्या शेतांमध्ये एक चर्च विकायला होतं. मराठी मंडळासाठी ते बघायला गेलो, तेव्हा किल्ल्या घेऊन एक म्हातारा आला. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाची झिजलेली कड तो अंगठ्यानं पुसत राहिला.

"हे इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या मध्ययुगीन चर्चचं. प्लेगनं ते गाव संपलं. चर्च पडलं, एवढं उरलं, ते इथे आणलं."

"आणि हे गाव?"

"इथे प्लेग आला नाही. मुलं शिकली आणि निघून गेली. गेल्या रविवारी प्रार्थनेला मी एकटाच होतो." मग त्यानं विचारलं, "तुमचे आईवडील कुठे असतात?"

"सांगलीला. आता आई एकटीच आहे."

तो एकेक दिवा बंद करत दाराकडे निघाला.

गाडीत बसल्यावर, आई झोपली असेल अशी मी स्वतःची समजूत घातली आणि फोन केला नाही.