झाकलेले मांडे

नांदगावातून आमचा टेम्पो निघाला तेव्हा तुम्ही गल्लीतल्या सगळ्याजणी रस्त्यावर होतात आणि सगळ्या एकदम बोलत होतात. गॅसची शेगडी आडवी ठेवू नका, गाद्या वरून बांधा, पाण्याची बाटली हाताशी ठेव. आई मात्र टेम्पोच्या खिडकीला धरून एवढंच म्हणाली, "तिथं कुणाच्या दारात लय बसू नको. बोलावलं तर जाय, नाय तर आपलं घर बरं." नोकरीतली बदली होती, तीही आपल्याच जिल्ह्यात. तरी मनमाड मागे पडेपर्यंत मी मागेच वळून बघत होते.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो-हाउस घेतलं. गल्ली छान, माणसं सभ्य. फारच सभ्य. दिसलं की हसतात, 'काय ताई, कसं काय' म्हणतात आणि गेट लावून घेतात. मला ते गेट लावल्याचे आवाज ऐकू यायचे. आपलं घर बौद्धांचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी कधी शब्द काढला नव्हता. कुणी वाईट बोललं असतं तर भांडले असते. काही न बोलणाऱ्यांचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. रात्रंदिवस मनाला तीच एक चुटपुट.

अशात सव्वीस जानेवारी आली. तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे ती दिवाळीच्या बरोबरीची. विहारापुढे झेंडा, संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन, मग गल्लीतच चुली आणि खापरावरचे मांडे. इथे मात्र झेंडावंदन, जिलेबीचा पुडा आणि आपापल्या घरी टीव्हीपुढे. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप बोरसे भाऊ चालवतात. त्यावर मी एका फटक्यात लिहून टाकलं, 'यंदा सगळे गल्लीतच जेवू. मांडे माझ्याकडून.' अंगठे आले, झेंडे आले. मग कुणीतरी लिहिलं, 'केटररच सांगू, कुणाला त्रास नको.' तो 'त्रास' मी इतक्यांदा वाचला की नवऱ्याने फोन काढून घेतला. "अगं, त्यांना वाटलं तुला काम पडेल," तो म्हणाला. असेलही. पण माझ्या हातचं खातील का, हा प्रश्न आता मीच भर रस्त्यात मांडून बसले होते. माघार घ्यायची सोय नव्हती. शेवटी मिसळ केटररची आणि मांडे माझे, असं ठरलं.

आई आदल्या दिवशी एसटीने आली. मांडे भाजायचं मातीचं खापर बरोबर घेऊन आली, शहरातल्या खापरावर तिचा विश्वास नाही. सकाळी झेंडा झाला, एका कॉलेजातल्या मुलीने उद्देशिका वाचली. आमच्या गेटजवळ विटांची चूल पेटली. आईने पुरण भरलेला उंडा लाटला, दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरला आणि खापरावर टाकला. लोकांनी व्हिडिओ काढले. मी मांडे घडी करून टोपलीत ठेवले, वर पांढरं कापड घातलं, शेजारी रशीचं, इथल्या भाषेत कटाच्या आमटीचं, पातेलं ठेवलं.

आणि कुणीही टोपलीला हात लावला नाही.

मिसळीपुढे रांग. पाव संपत आले, दुसरे मागवले. माणसं मांड्यांच्या टोपलीपाशी येत, कापडाकडे बघत आणि पुढे जात. चला, कळलं एकदाचं, असं मनात म्हटलं. आईने नवा मांडा घालायचं थांबवलं. ते मला सर्वांत जास्त लागलं.

तेवढ्यात बोरसे भाऊ हातात प्लेट घेऊन जवळ आले. "ताई, हे पाहुण्यांसाठी राखून ठेवलंय का?"

आईने चुलीपासून मान वर केली. "पाहुणा कोण हाय इथं?"

मग माझी ट्यूब पेटली. आपल्या नांदगावात टोपली झाकायची ती धुळीसाठी. ज्याला हवं त्याने कापड उचलावं आणि घ्यावं. आग्रह करायचा तो परक्याला. घरच्याला 'घ्या हो' म्हटलं तर त्याला राग येतो. म्हणून मी तोंड मिटून उभी होते. आणि या लोकांची रीत अशी, की यजमानाने म्हटल्याशिवाय झाकलेल्याला हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंनी शहाणपणाचा कहर. मी कापड ओढून काढलं आणि ओरडले, "अहो, घ्या की." टोपली बघता बघता रिकामी झाली. दोन घरांनी मात्र मांडा घेतला नाही. पोट भरलं होतं की आणखी काही, मी विचारलं नाही. आजही त्यांच्या गेटासमोरून जाताना माझी चाल उगाच जलद होते.

आई चूल विझवायला लागली तेव्हा समोरच्या देशमुख काकू आल्या. संधिवाताच्या, सकाळी उठायला वेळ लागतो त्यांना. रिकामी टोपली पाहून त्यांचा पारा चढला. "मला एकही ठेवला नाही? समोर राहते मी, परगावी नाही. हाक मारता येत नव्हती?" मी गडबडून माफी मागू लागले. आई म्हणाली, "उंडे हायेत दोन. बसा."

काकू खुर्ची ओढून चुलीला चिकटूनच बसल्या आणि सूचना देऊ लागल्या. जरा पातळ करा, मला जाड आवडत नाही. माझ्या आईला, मांड्याबद्दल.

"आधी खा, मंग बोला," आई म्हणाली. काकूंनी खाल्लं. मग पुन्हा म्हणाल्या, जाडच आहे, आणि दुसरा मागितला.

फोन केला की तुम्ही विचारता, नाशिक मानवलं का. मी 'हो, बरं आहे' म्हणून वेळ मारून नेत होते. खरं सांगायचं तर जीव अजून थाऱ्यावर नाही, आणि तिकडे आले तरी तो आता पूर्वीसारखा थाऱ्यावर नसतो. पण समोरच्या काकू माझ्यावर अजून रागावलेल्या आहेत. भाजी घ्यायला निघाले की गेटातून ऐकवतात, आणि मीही थांबून उलट उत्तर देते.