पास्कूच्या नसलेल्या मिशा

ठाण्याच्या सेशन कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलाचा कारकून म्हणून आयुष्य घालवलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. पानाच्या पिंकांसारखे कोपऱ्याकोपऱ्यात साचत जातात. त्यातले आज मिठागराच्या खटल्याचे तेवढे सांगतो. तिखटमीठ माझं, बाकी सगळं खरं.

*

मिठागराच्या मालकाचा तिन्हीसांजेला खून झाला आणि संशयावरून खाडीवरचा किरिस्ताव कोळी पास्कू धरला गेला. आमचे भाऊसाहेब त्याचे वकील. वकीलपत्रावर पास्कूचा अंगठा उमटायच्या आत कल्याणच्या बाजारात खटल्याचा पोवाडा सुरू झालेला! शेवटच्या कडव्यात पास्कू फासावर जायचा. भाऊसाहेबांनी शाहिराला हटकलं, अरे, अजून चौकशी चाललीय.

शाहीर म्हणाला, "साहेब, त्याला सोडला तर लोक उठून जातात."

*

मग एका वर्तमानपत्राला पास्कूचं चित्र छापायची हुक्की आली. पण पास्कू कच्च्या कैदेत, त्याला पाहिलेलं कोण? छापखान्यात केसांच्या तेलाच्या जाहिरातीचा जुना ठसा पडलेला, झुपकेदार मिशांच्या पैलवानाचा. तोच ठोकून दिला. आमच्या पास्कूला मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. मी जाऊन संपादकांना तसं सांगितलं.

ते म्हणाले, "अंक किती खपला ते विचारा."

*

तोवर पोलिसांकडे साक्षीदार एकच, कल्याणचा वाणी गोकुळदास. त्यानंही पळणाऱ्याची नुसती पाठ पाहिलेली. अंक निघाला आणि साक्षीदार झाले चार. चौघांनाही मिशा दिसल्या! पाठीवर कशा दिसल्या, असं भाऊसाहेबांनी विचारलं, तेव्हा गोकुळदासला आठवलं की खुनी पळतापळता मागं वळलेला.

*

भाऊसाहेब म्हणाले, मग दाखवा खुनी. गोकुळदास तरातरा गेला आणि पास्कूशेजारच्या हवालदाराकडे बोट केलं. हवालदाराच्या मिशा भरघोस. कोर्ट हसलं, जज्जसाहेबही हसले. आम्हाला वाटलं, सुटला पोरगा.

सरकारी वकील उठले. म्हणाले, आरोपीनं कोठडीत मिशा उतरवल्या असणार. दुसऱ्या दिवशी ठळक छापून आलं, 'खुन्याची धूर्त हजामत'. तुरुंगाचा न्हावी शपथेवर सांगत राहिला, याच्या तोंडाला मी वस्तरा लावलेला नाही. ते मात्र कुणी छापलं नाही.

*

खुनाच्या वेळी पास्कू घरी जाळं सांधत बसलेला. हे पाहणारी एकटी त्याची बायको मोनिका. भाऊसाहेबांनी तिची साक्ष घेतलीच नाही. बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार, ज्यूरी कशाला ऐकेल, म्हणाले.

ज्यूरीत कल्याणचे एक रावसाहेब होते. निकालाआधी मी आदबीनं अंदाज घेतला.

"सोडायला काय हरकत नाही हो," ते म्हणाले. "पण मग कल्याणला परत कुठल्या तोंडानं जायचं?"

*

फाशीच्या दिवशी तुरुंगाच्या दारात ही गर्दी! गोकुळदास एव्हाना बडा माणूस झालेला, ज्याला त्याला खुनाची हकीगत ऐकवत फिरत होता. नवऱ्याचं प्रेत ताब्यात मिळायची वाट बघत मोनिका भिंतीला टेकून बसलेली. फिरत फिरत तो तिच्यापाशी आला आणि तिलाही सांगू लागला. खुनी कसा पळाला, कसा वळला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पास्कूला तुमी वलखत व्हते?"

"म्हणजे काय, बाई! घरी जाणंयेणं होतं माझं."

"मंग मी कोन?"